पोट आणि पाटी
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यापुढील भाषणाचा मजकूर)



प्रत्येक वर्गात एखादे तरी मूल असे असते, की ज्याचे नाव हजेरीपटावर असते, देह बसकरावर असतो, परंतु चित्त मात्र ठिकाणावर नसते. प्रश्न विचारला तर ते दचकते. फळ्याकडे पाहता पाहता त्याचे डोळे मिटतात. खेळाच्या तासाला ते भिंतीला टेकून उभे राहते. शिक्षक त्याला समजावतो, प्रसंगी रागावतो, आणि शेवटी प्रगतिपुस्तकात एकच शब्द लिहून मोकळा होतो : ‘आळशी’. हा शब्द लिहिण्यापूर्वी शिक्षकाने आणखी एक प्रश्न विचारावा, एवढेच आजच्या भाषणाचे सांगणे आहे. तो प्रश्न अभ्यासाचा नाही. तो पोटाचा आहे. ‘बाळ, तुझे पोट कसे आहे?’

आपल्या बोलीत एक फार अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे. एखादे मूल पोटभर जेवूनही रोडच राहिले, की घरची वडीलधारी माणसे म्हणतात, ‘याला खाल्लेले अंगी लागत नाही.’ खाणे निराळे आणि ते अंगी लागणे निराळे, हा भेद आपल्या अशिक्षित आजीलाही ठाऊक होता. ताटात वाढलेले अन्न आणि रक्तात मिसळलेले अन्न यांच्यामध्ये आतड्याचा मोठा प्रदेश पसरलेला आहे. तो निरोगी असेल तर भाकरीचे बळ होते; तो बिघडलेला असेल तर पक्वान्नही वाया जाते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? मुलाच्या देहाचा आड भरतो तो आतड्यातून.

जिल्ह्यातील शिक्षक पुस्तके, तक्ते, नकाशे घेण्यासाठी पुण्यास आला, की त्याची पावले अप्पा बळवंत चौकाकडे वळतात. तेथून थोडे चालत गेले, की नारायण पेठेत केसरीवाडा लागतो. पूर्वी हा गायकवाड वाडा. लोकमान्य टिळकांच्या वास्तव्याने आणि ‘केसरी’च्या कचेरीने त्याला आजचे नाव मिळाले. या वाड्यापुढे उभे राहणाऱ्याला लोकमान्यांची विद्वत्ता आठवते, राजकारण आठवते, तुरुंगवास आठवतो. पण शिक्षकाने आठवावी अशी आणखी एक गोष्ट त्यांच्या चरित्रात आहे. १८७२ साली मॅट्रिकची परीक्षा उतरून पुढील वर्षी ते डेक्कन कॉलेजात दाखल झाले, तेव्हा त्यांची प्रकृती तोळामासाच होती. बुद्धीची वाण नव्हती. वाण होती ती शरीरबळाची. तेव्हा त्यांनी कॉलेजचे पहिले वर्ष मुख्यतः शरीर कमावण्यात घालविले. तालीम, पोहणे आणि व्यायामानंतरचा भरपूर आहार असा क्रम त्यांनी ठेवला. अभ्यास मागे पडला आणि त्या वर्षीच्या परीक्षेत यश आले नाही. व्यवहारी माणसाला हे वर्ष फुकट गेलेसे वाटेल. परंतु पुढे तेच विद्यार्थी पहिल्या वर्गात बी. ए. झाले, १८७९ साली एल्‌एल. बी. झाले, आणि त्या वर्षात कमावलेल्या देहाने १८९७-९८ चा तुरुंगवास आणि १९०८ ते १९१४ ही मंडालेची वर्षे सोसली. मंडालेत त्यांना मधुमेह होता व आहार जपून घ्यावा लागत होता. त्याच स्थितीत त्यांच्या हातून ‘गीतारहस्य’ लिहून झाले आणि १९१५ साली ते प्रसिद्ध झाले.

या उदाहरणावरून पचन चांगले असले की कोणीही लोकमान्य होतो, असा निष्कर्ष काढावयाचा नाही. घ्यावयाचा बोध साधा आहे. ज्याला बुद्धीचे काम करावयाचे आहे त्यानेही आधी अन्न अंगी लागेल असा देह घडविला. मात्र आपल्या शाळेतील सहा-सात वर्षांच्या मुलाला असे एक वर्ष स्वतःसाठी राखून ठेवता येत नाही. त्याच्या वतीने तो विचार घराने आणि शाळेने करावयाचा असतो.

आता हा अन्नाचा प्रवास थोडक्यात पाहू. घास तोंडात चावला जातो तेव्हाच लाळेमुळे पिष्टाच्या पचनास आरंभ होतो. जठरातील आम्ल अन्नाला मऊ करते आणि अन्नपाण्याबरोबर आलेल्या पुष्कळशा जंतूंचा नाश करते. पुढे लहान आतडे लागते. प्रौढ माणसात त्याची लांबी सुमारे ६ मीटर असते. त्याच्या आतल्या अंगास मखमलीसारखे असंख्य बारीक अंकुर असतात आणि या अंकुरांतूनच अन्नरस रक्तात शिरतो. लोह मुख्यत्वे आतड्याच्या आरंभीच्या भागात शोषले जाते, तर ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व अगदी शेवटच्या भागात. म्हणजे आतड्याचा जो भाग दुखावेल त्याप्रमाणे शरीरास एखाद्या द्रव्याची उणीव भासू लागते. लोह कमी पडले की रक्त फिके होते. रक्त फिके झाले की मेंदूस व स्नायूंस प्राणवायू पुरेसा मिळत नाही. आणि मग वर्गातले ते मूल जांभया देऊ लागते. पाटीवरच्या अक्षरांपर्यंत पोटाची वाट ही अशी पोहोचते.

मोठ्या आतड्यात एक निराळीच वस्ती असते. तेथे कोट्यवधी सूक्ष्म जिवाणू नांदत असतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणितानुसार प्रौढ माणसाच्या शरीरातील जिवाणूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पेशींच्या संख्येइतकीच भरते, आणि त्यांतील बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात असतात. जंतू म्हटले की रोग, असे आपण मुलांना शिकवितो. ते अर्धेच खरे आहे. या वस्तीतील बहुसंख्य रहिवासी आपले मित्र आहेत. आपल्याला न पचणारा धान्याचा कोंडा, भाजीचा चोथा, डाळींची साले यांवर ते जगतात आणि त्या मोबदल्यात आतड्याच्या अस्तरास पोषक अशी आम्ले तयार करतात. ‘के’ जीवनसत्त्वाचा काही वाटा तेच पुरवितात. बाहेरून आलेल्या रोगजंतूंना ते जागा मिळू देत नाहीत, आणि शरीराच्या रोगप्रतिकारक शक्तीला शत्रू कोण व मित्र कोण हे ओळखावयास लहानपणीच शिकवितात.

पोटाचा आणि मनाचाही संबंध आहे. परीक्षेच्या दिवशी मुलाच्या पोटात गोळा येतो, हे कोणत्याही शिक्षकाला नवे नाही. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे स्वतंत्र जाळे आहे, आणि एका लांब मज्जेच्या द्वारे मेंदूकडून पोटाकडे व पोटाकडून मेंदूकडे सारखी निरोपांची ये-जा चाललेली असते. म्हणून भीतीने पोट बिघडते आणि बिघडलेल्या पोटाने चित्त उदास होते. ज्या वर्गात धाक फार, त्या वर्गात सकाळी पोट दुखण्याच्या तक्रारीही फार. अशी तक्रार आली की मूल ढोंग करते आहे, असे लगेच ठरवू नये. दुखणे खरे असते. त्याचे मूळ कधी आतड्यात तर कधी भीतीत असते, इतकेच.

आपल्या प्राचीन वैद्यकाने पोटाला दिलेले महत्त्व सर्वांस परिचित आहे. वाग्भटाने मंद झालेल्या अग्नीस रोगांचे मूळ मानले. पंगतीत जेवणापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकात जेवण हे केवळ पोट भरणे नसून यज्ञकर्म आहे, असा भाव आहे. पाश्चात्त्य विज्ञानातही एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने आंबविलेल्या दुधाचा पुरस्कार केला होता. रोगप्रतिकारक शक्तीसंबंधीच्या संशोधनाबद्दल त्यांना १९०८ साली, म्हणजे लोकमान्य मंडालेस गेले त्याच वर्षी, नोबेल पारितोषिक मिळाले. दह्यातील जिवाणूंनी आयुष्य वाढते, हे त्यांचे मत सिद्ध झाले नाही. परंतु आतड्यातील जिवाणूंचा आरोग्याशी संबंध आहे, ही दिशा खरी ठरली. आज पुण्यातच, विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात, भारतीयांच्या आतड्यातील जिवाणूंचा अभ्यास झाला आहे. धान्य, डाळी, भाज्या यांवर जगणाऱ्या भारतीय माणसाच्या आतड्यात ‘प्रेव्होटेला’ या कुळातील जिवाणू विशेष प्रमाणात आढळतात, असे अशा अभ्यासांतून दिसून आले. तेव्हा आपली भाकरी, उसळ आणि पालेभाजी हे गरिबीचे अन्न म्हणून मुलांनी लाजण्याचे कारण नाही. आतड्यातील मित्रांना हवे ते अन्न तेच आहे.

तथापि, खेड्यातील मुलाच्या आतड्याचे खरे शत्रू तीन : जंत, दूषित पाणी आणि अडवून धरलेला मळ. या तिन्हींशी शिक्षकाचा रोजचा संबंध येतो.

प्रथम जंत. गोल जंताची मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. उघड्यावर शौच झाले की ती मातीत मिसळतात, दोन-चार आठवड्यांत तयार होतात, आणि न धुतलेल्या हातांवाटे, न धुतलेल्या भाजीवाटे पुन्हा मुलाच्या पोटात जातात. आकडीकृमीची तऱ्हा निराळी. त्याच्या अळ्या ओलसर मातीत वाढतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. मग फुप्फुसांतून फिरून आतड्यात येतात आणि तेथे चिकटून रक्त शोषतात. मूल जेवते, पण त्याच्या जेवणाला वाटेकरी असतो.

याविषयी अमेरिकेतील एक हकीकत प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावी. त्या देशाच्या दक्षिण भागातील गरीब शेतकरी आळशी म्हणून हिणविले जात. पुढे कळून आले, की त्यांपैकी अनेकांच्या पोटात आकडीकृमी आहे. तेव्हा वर्तमानपत्रांनी या कृमीला ‘आळसाचा जंतू’ असे नाव दिले. १९०९ साली रॉकफेलर यांनी १० लाख डॉलर देऊन या रोगाच्या निर्मूलनासाठी एक मंडळ स्थापन केले. त्या प्रदेशातील शाळेच्या वयाच्या सुमारे ४० टक्के मुलांच्या पोटात हा कृमी आढळला. गावोगाव औषध दिले गेले, शौचकूप बांधण्याचा प्रचार झाला. जेथे हा रोग अधिक होता तेथे उपचारानंतर मुलांची शाळेतील हजेरी आणि वाचनाची प्रगती वाढली, असे पुढील काळातील अभ्यासकांनी जुन्या नोंदींवरून दाखवून दिले. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या स्वभावदोष समजले, तो आतड्याचा रोग होता. आपण प्रगतिपुस्तकात लिहिलेला ‘आळशी’ हा शेरा कित्येकदा असाच अन्यायाचा असू शकेल.

आपल्या देशात २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळेत व अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात. दोन वर्षांवरील मुलांना ती ४०० मिलिग्रॅमची, म्हणजे पूर्ण एक गोळी असते. हे काम कागदोपत्री उरकू नये. गोळी मुलाने शिक्षकादेखत चावून खावी. घरी नेण्यास देऊ नये. त्या दिवशी मूल आजारी असेल तर ते बरे झाल्यावर द्यावी. गोळीनंतर एखाद्यास थोडी मळमळ झाली तर घाबरून जाऊ नये. त्यास सावलीत विश्रांती द्यावी, स्वच्छ पाणी पाजावे, आणि बरे न वाटल्यास आरोग्य केंद्रास कळवावे. आणि हेही पालकांना सांगावे, की गोळी पोटातले जंत मारते, मातीतले मारीत नाही. शौचालय, साबण आणि पायांत चप्पल ही तिन्ही नसतील तर काही महिन्यांत पाहुणे परत येतात.

दुसरा शत्रू दूषित पाणी. याचा धडा एकदा नारायण पेठेनेही घेतला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचा बंधाराही फुटला, आणि मुठेच्या काठच्या इतर पेठांबरोबर नारायण पेठेतही पाणी शिरले. घरे पडली, संसार वाहून गेले. पूर ओसरला तेव्हा शहरापुढे दुसरेच संकट उभे होते. ज्या खडकवासल्याच्या तलावातून नळाचे पाणी येत असे, तो तलावच रिकामा झाला होता. चोहीकडे चिखल, आणि प्यावयास पाणी नाही. जुन्या वाड्यांतले आड आणि पेशवाईतील हौद पुन्हा लोकांच्या उपयोगी पडले. पाणी उकळून पिण्याच्या सूचना झाल्या. पटकीची लस टोचण्याची मोहीम निघाली. एवढ्या मोठ्या नगरावर संकट आले, तेव्हा सर्वांत आधी जपावा लागला तो माणसाचा कोठा. पुण्यास त्या वर्षी जे एकदा घडले, ते आपल्या कित्येक वाड्यावस्त्यांवर दर पावसाळ्यात लहान प्रमाणात घडत असते. विहिरीत गढूळ पाणी उतरते आणि आठ दिवसांत हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात.

हगवणीने मुलाचे दोन प्रकारांनी नुकसान होते. एक तात्काळ : शरीरातील पाणी व क्षार निघून जातात आणि प्राणावर बेतते. दुसरे सावकाश : वरचेवर हगवण लागली म्हणजे आतड्यातील ते मखमली अंकुर झिजून बोथट होतात, शोषण मंदावते, आणि मूल उंचीने व वजनाने मागे पडते. पहिल्या संकटावर उपाय सोपा आहे. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांची छावणी पश्चिम बंगालमध्ये बनगाव येथे पडली होती. तेथे पटकीची साथ आली, शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते ४ हूनही खाली आले. हे पाणी पाजणारांत पुष्कळ जण रुग्णांचे नातेवाईकच होते. जे काम छावणीतील माता करू शकल्या, ते शाळेतील शिक्षकासही करता येईल.

जीवनरक्षक क्षारांची पुडी शाळेत नेहमी असावी. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यातच ती विरघळावी. कमी पाण्यात नव्हे, जास्त पाण्यातही नव्हे. पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे व घोट घोट पाजीत राहावे. मिठाचे माप वाढू देऊ नये. मुलाचे जेवण बंद करू नये. पेज, मऊ भात, ताक चालू ठेवावे. जस्ताच्या गोळ्या आरोग्यसेविकेकडून घ्याव्यात आणि हगवण थांबली तरी १४ दिवसांचा क्रम पुरा करावा. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पाणी पोटात ठरेना किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

तिसरा शत्रू दिसावयास किरकोळ, परंतु त्यातील वेदना मुकी असते. शाळेत शौचास जाण्याची मुलांना लाज वाटते, भीती वाटते, किंवा सोयच नसते. मुली तर सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण पाणी प्यायले तर जावे लागेल. मळ अडवून धरला की तो कोरडा व कठीण होतो. पुढच्या वेळी वेदना होते. वेदनेच्या भीतीने मूल पुन्हा अडवून धरते. असे चक्र सुरू झाले, की भूक मरते, पोट दुखते, चेहरा ओढल्यासारखा दिसतो. यावर औषध नाममात्र आहे. खरा उपाय शिक्षकाच्या हाती आहे. ‘बाई, जाऊ का?’ असे मुलीने विचारताच कपाळाला आठी न घालता होकार द्यावा. शौचालयाला कडी असावी, आत पाणी असावे, किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात नसावी. शाळा तपासनिसाच्या भेटीसाठी राखून ठेवलेले स्वच्छ शौचालय हे मुलांच्या दृष्टीने नसल्यासारखेच असते.

आता आहाराविषयी. शाळेत शिजविलेले अन्न देण्याची योजना १९९५ सालच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून वाढत गेली आणि २०२१ सालापासून ती पीएम पोषण या नावाने चालते. तिच्या मापाप्रमाणे प्राथमिक वर्गातील मुलाला रोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावयाची असतात. ही मापे ताटात येतात की नाही, हे पाहण्याइतकेच ती अंगी लागतात की नाही, हे पाहणेही शिक्षकाचे काम आहे. त्यासाठी खर्च लागत नाही. जेवणापूर्वी प्रत्येक मुलाचे हात साबणाने धुतले जावेत. नुसते पाण्याखाली धरलेले हात धुतलेले हात नव्हेत. मुलांना घाई करू नये. नीट चावून खाऊ द्यावे. भाजीवर लिंबू पिळता आले तर पिळावे, किंवा हंगामात आवळ्याची फोड द्यावी. त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतील व डाळीतील लोह रक्तात चांगले शोषले जाते. याच्या उलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर लोहाचे शोषण अडते. पुष्कळ घरांत मूल सकाळी कोऱ्या चहाबरोबर चपाती खाऊन शाळेस येते. पालक-सभेत एवढी एक गोष्ट सांगितली, की चहाऐवजी ताक, नाचणीची आंबील किंवा नुसते पाणी द्या, तरी मोठे काम होईल.

पोटावरील काही जुने उपचार मात्र थांबविले पाहिजेत. मूल रोड दिसले की वरचेवर एरंडेल देऊन कोठा धुऊन काढतात. त्याने जंत जात नाहीत, अशक्तपणा मात्र येतो. मेळघाटासारख्या भागात पोट फुगलेल्या तान्ह्या मुलाच्या पोटावर तापल्या सळईचे चटके देण्याचा प्रकार घडत आला आहे. ज्या आईने तो सोसला, तिने मुलावरील मायेपोटीच सोसला. तिची थट्टा करून काही साधणार नाही. गावात शिक्षकाच्या शब्दाला मान असतो. त्याने घरी जाऊन, ओट्यावर बसून, दवाखान्याची वाट शांतपणे दाखवावी. तसेच बाजारात मिळणारी शक्तिवर्धके आणि पाचके यांच्या जाहिरातींनी पालकांनी भुलू नये. पी हळद आणि हो गोरी, असे शरीरशास्त्रात नसते. आतडे सुधारते ते रोजच्या अन्नाने, पाण्याने आणि सवयीने. आणि त्यास महिने लागतात.

हेही स्पष्ट असावे, की प्रत्येक रोगाचे मूळ पोटात नसते आणि प्रत्येक मंद मुलाचे पोट बिघडलेले नसते. कोणाला चष्मा हवा असतो, कोणाला ऐकू कमी येते, कोणाच्या घरी भांडण असते. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. लक्षात येणे हे त्याचे काम आहे. २०१३ सालापासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते. त्या दिवशी ‘सर्व मुले ठीक आहेत’ असे मोघम सांगण्याऐवजी शिक्षकाने आपल्या वहीतील चार नावे पुढे करावीत : याचे वजन सहा महिन्यांत वाढले नाही, हिच्या पापण्यांचा आतील भाग पांढुरका आहे, हा माती खातो, हिचे पोट आठवड्यातून दोनदा दुखते. डॉक्टरांना एका दिवसात जे दिसणार नाही, ते शिक्षकाला रोजच्या सहवासात दिसत असते.

यास्तव प्रत्येक शिक्षकाने या सत्रात आपल्या वर्गातील एक मूल निवडावे. ज्याच्या नावापुढे ‘आळशी’ असा शेरा आहे, तेच निवडावे. सकाळी ते काय खाऊन येते, पायांत काय घालते, पाणी कोठले पिते, शौचास कोठे जाते, गोळी खरोखर खाल्ली की खिशात ठेवली, या पाच गोष्टी आपल्या वहीत टिपाव्या. त्यातील जी चुकते आहे ती घरच्या मंडळींच्या मदतीने सुधारावी. काही महिन्यांनी पुन्हा त्याचे वजन करावे, पुन्हा त्याला फळ्यापाशी बोलवावे.

कदाचित त्याच्यात फरक पडणार नाही. मग कारण दुसरीकडे शोधावे. पण कदाचित एके दिवशी खेळाच्या तासाला ते मूल भिंत सोडून मैदानात धावत येईल, आणि हात वर करून उत्तर देईल. त्या दिवशी प्रगतिपुस्तकातील जुना शब्द शिक्षकाने आपल्या हाताने खोडावा. अन्न त्याच्या अंगी लागले. आता शिकविलेलेही लागेल.